राडारोडा रस्त्याखाली हवा, बावखलात नको

जुन्या इमारतीचे काँक्रीट फोडून त्याची खडी नव्या बांधकामात वापरावी, असे म्हटले की आगाशी-विरार पट्ट्यात तीन उत्तरे ऐकू येतात. मिस्त्री म्हणतो, असला माल कच्चा. बिल्डर म्हणतो, परवडत नाही. आणि वाडीचा मालक म्हणतो, राडारोडा वाया कुठे जातो, भरणीला लागतोच की! पहिली दोन उत्तरे अर्धवट आहेत. तिसरे सरळसरळ घातक आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

आगाशी, बोळींज, नंदाखाल, वटार, अर्नाळा हा सारा रेताड किनारपट्टीचा मुलूख. इथल्या वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते आणि हाच थर विहिरींना पाणी देतो. तो टिकावा म्हणून पूर्वजांनी वाड्यांमध्ये बावखले, म्हणजे छोटी तळी, खोदून ठेवली. राजेळी केळी आणि तिची सुकेळी, पानवेली, फुलशेती, भाजीपाला हे सारे या पाण्यावर उभे राहिले. आज डंपर रिकामा करायला सर्वांत सोयीची जागा कोणती, तर हेच बावखल. एकदा ते बुजले की पाणी मुरायची वाट बंद होते आणि बोअरवेलचा उपसा मात्र चालूच राहतो. मग खारे पाणी आत सरकते. शिवाय इमारतीच्या राडारोड्यात नुसते दगड-विटा नसतात. चुनखडीचा अंश, प्लास्टर ऑफ पॅरिस, रंगाचे पापुद्रे, सिमेंटचे जुने पत्रे, त्यांतले ॲस्बेस्टॉस हे सगळे त्यात असते. हे पिण्याच्या पाण्याच्या उगमात ढकलणे याला ‘उपयोग’ म्हणता येणार नाही. जुलै 2018 मध्ये वसई तालुका कित्येक दिवस पाण्यात राहिला, मिठागरातली माणसे अडकली, रेल्वे थांबली. पाणी सामावून घेणाऱ्या सखल जागा भरत गेल्याची किंमत तेव्हा सगळ्यांनी मोजली. भरणी करणाऱ्याला फुकटात माल मिळतो, टाकणाऱ्याचे भाडे वाचते आणि नुकसान शेजारच्या विहिरीच्या खात्यावर पडते.

आता मिस्त्रीच्या ‘कच्च्या’ मालाची गोष्ट. दुकानातून येणारी पोझोलाना सिमेंटची गोणी घ्या. तिच्यात 15 ते 35 टक्के राख असते, औष्णिक वीज केंद्रांतली. आपल्याच जिल्ह्यात डहाणूला 500 मेगावॉटचे असे केंद्र आहे. सळई घ्या. जालन्याच्या आणि वाड्याच्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून सळई बनते आणि ती स्लॅबमध्ये बिनबोभाट जाते. म्हणजे पुनर्वापराचा माल आपल्या घरात कधीचाच आहे. गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि चुन्यातली सुरखी तर आजोबांच्या काळातली. फुटक्या काँक्रीटवरच तेवढा अविश्वास का?

या अविश्वासात तथ्य मुळीच नाही असे मात्र नाही. जुन्या काँक्रीटच्या खडीला जुन्या मसाल्याचा थर चिकटलेला असतो. काळ्या दगडाची खडी साधारण एक-दोन टक्के पाणी पिते, ही चार-पाच टक्के किंवा त्याहूनही जास्त. ती आधी भिजवून घेतली नाही तर मिक्सरमधले पाणी ओढून घेते, माल आटतो आणि मजूर वरून बादलीभर पाणी ओततात. ताकद तिथे जाते. म्हणूनच आय.एस. 383 या भारतीय मानकाने 2016 मध्ये या खडीला परवानगी देताना मर्यादाही घातली: साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-25 प्रतीपर्यंतच 20 टक्के, आणि एम-15 पेक्षा हलक्या भरावाच्या काँक्रीटमध्ये 100 टक्के.

आगाशीसाठी याचा अर्थ वेगळा निघतो, आणि तो कोणी सांगत नाही. आय.एस. 456 नुसार समुद्रकिनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या सळईच्या काँक्रीटला किमान एम-30 प्रत लागते. पुनर्वापराच्या खडीची मर्यादा एम-25. तेव्हा अर्नाळ्याच्या वाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या खांबात ही खडी घालू नये, हे मिस्त्रीचे म्हणणे मानकालाही मान्य आहे. खाऱ्या हवेतून क्लोराइड आत शिरले की सळई गंजते, फुगते आणि कव्हर सुटते. पण आय.एस. 456 मध्येच असेही लिहिले आहे की समुद्राजवळ स्लॅग किंवा पोझोलाना सिमेंट फायद्याचे. पोलाद कारखान्यातली मळी (म्हणजेच स्लॅग) आणि वीज केंद्रातली राख काँक्रीटची छिद्रे बारीक करतात, क्लोराइडची वाट अडवतात. म्हणजे खांबात मळी-राखेचे सिमेंट घाला आणि फुटक्या काँक्रीटची खडी पायाखालच्या साध्या काँक्रीटमध्ये (पीसीसीत), गटारात, पेव्हर ब्लॉकमध्ये, रस्त्याच्या थरात वापरा. कच्च्या मालाच्या भीतीला हे माझे उत्तर आहे. भीती दाखवणाऱ्यांनी हेही आठवावे की 26 ऑगस्ट 2025 च्या रात्री विरार पूर्वेला कोसळलेली आणि 17 जणांचा जीव घेणारी इमारत अनधिकृत होती. आपल्याकडे माणसे मरतात ती देखरेखीच्या अभावाने.

पुरस्कर्त्यांनाही एक सांगायला हवे. ही खडी वापरली की कार्बन उत्सर्जन खूप घटते, हा दावा टिकत नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 7-8 टक्के सिमेंटमुळे होतो आणि त्यातला मोठा भाग चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो. खडीचा वाटा त्या मानाने किरकोळ. उलट हलक्या खडीची भरपाई म्हणून सिमेंट वाढवले, तर हिशेब उलटतो. कार्बन वाचतो तो मळी आणि राखेमुळे. फुटक्या काँक्रीटने वाचतात त्या डोंगरातल्या खाणी आणि बावखले. माझ्या मते आगाशीला एवढे कारण पुरेसे आहे.

परवडत नाही, या तक्रारीत दडलेले गणित साधे आहे. इमारत पाडल्यावर प्रत्येक चौरस मीटरमागे 300 ते 500 किलो राडारोडा निघतो, हा टायफॅक या सरकारी संस्थेचा जुना ठोकताळा. हजार चौरस मीटरची सोसायटी पाडली तर 300 ते 500 टन, म्हणजे पंधरा टनी डंपरच्या वीस ते चौतीस खेपा. मुंबई महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प दहिसरला आहे, खाडीपलीकडे, आगाशीहून रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. तिथपर्यंत न्यायचा तर डिझेल, टोल आणि चालकाचा दिवस. शेजारच्या बावखलात टाकायचा तर काहीच नाही. या तुलनेत प्रामाणिक माणूस हरणारच. पण यात खडी महाग नाही. बेकायदा टाकणे फुकट आहे. पाडकामाच्या परवानगीबरोबर अनामत रक्कम घ्यावी आणि प्रक्रिया केंद्राची पावती दाखवल्यावरच ती परत करावी. फिरते जॉ-क्रशर आणि सळई वेचणारे चुंबक तालुक्यातच बसवले, तर वाहतूक काही किलोमीटरांवर येते आणि सळई भंगारात विकून खर्चाचा काही भाग तिथेच निघतो.

कायद्याच्या भरवशावर राहता येणार नाही. राडारोड्याविषयीच्या 2016 च्या नियमांनी सरकारी आणि पालिकेच्या कामांत असा 10 ते 20 टक्के माल वापरण्याची तरतूद केली होती. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या नियमांत उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आहे, पण ती 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर. आगाशीत पाडल्या जातात त्या तीन-चार मजली सोसायट्या, कौलारू घरे, जुनी दुकाने. ती या जाळ्यातून सुटतात. वसई-विरार महापालिकेने 2025 च्या सुरुवातीपर्यंत उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नालासोपाऱ्यातल्या 41 अनधिकृत इमारती पाडल्या. पाडायचे काम पालिका करू शकते हे त्यातून दिसलेच. आता तिने रस्त्याच्या आणि गटाराच्या प्रत्येक निविदेत तालुक्यात फोडलेल्या काँक्रीटचा ठरावीक हिस्सा लिहावा, त्याची क्लोराइड आणि पाणी शोषण्याची चाचणी सक्तीची करावी, आणि बावखलांची सर्व्हे क्रमांकांसह यादी प्रसिद्ध करून तिथे रिकामा होणारा डंपर जप्त करावा.