पूर्ति यंत्राची, संमति आपली

नारायण पेठेंतील केसरीवाड्याच्या छापखान्यांत एके काळीं जुळारी एकेक खिळा वेंचून मजकूर जुळवीत. आज डोनाल्ड नूथ यांच्या १९७८ च्या टेकवर आधारलेल्या लाटेक पद्धतींत आज्ञेचीं दोन-तीन अक्षरें उमटतांच एडिटर उरलेलीं सुचवितो. ‘बिगिन’ लिहितांच ‘एंड’ही मांडतो. ही सोय स्तुत्य होय. कारण उघडलेली आज्ञा मिटावयाची राहिल्यास जुळणी अडते. परंतु नव्या ओळीसाठीं ‘एंटर’ दाबावें आणि यादींतील भलतीच आज्ञा मजकुरांत शिरावी, हें आम्हांस मान्य नाहीं. सुचविणें यंत्राचें काम, स्वीकारणें लेखकाचें. म्हणून स्वीकृतीची कळ निराळी असावी. विद्यार्थ्यांनीं मात्र प्रथम आज्ञा स्वहस्तें पूर्ण लिहावयास शिकावें. ज्यास आज्ञा ठाऊक आहे, त्यासच सूचनेंतील चूक दिसते.