समोरचे दुकान

माझ्या लहानपणी आमच्या आळीत वाण्याचे एकच दुकान होते. त्याच्या तराजूचे पारडे माल पडायच्या आधीच थोडे झुकलेले असे, आणि सुटे नाहीत म्हणून उरलेल्या पैशांच्या पेपरमिंटच्या गोळ्या हातावर पडत. पुढे समोर दुसरे दुकान निघाले. वडिलांनी तिथून कधी काडेपेटीसुद्धा आणली नाही. पण त्या महिन्यापासून आमच्या वाण्याचे पारडे सरळ झाले.

ही आठवण झाली ती संगणकामुळे. मराठीच्या प्राध्यापकाने संगणकावर बोलावे म्हणजे असंगाशी संग, असे वाचक म्हणतील. पण माझी वीस वर्षांची टिपणे त्याच पेटीत आहेत. तेव्हा त्या पेटीवर राज्य कोणाचे, याची चौकशी मला करायलाच हवी.

संगणकाचा सारा कारभार पाहणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, ती टेबलावरच्या बहुतेक संगणकांत मायक्रोसॉफ्टची विंडोज असते. २००७ च्या जानेवारीत या कंपनीने तिची व्हिस्टा ही नवी आवृत्ती बाजारात आणली. एवढ्या मोठ्या पेढीचा माल, लोक घेणारच! पण लोक २००१ सालची एक्स्पी सोडीनात. व्हिस्टाला यंत्र दणकट लागे, आणि जुन्यावर काम भागत होते. कंपनीला सर्वांत चिवट प्रतिस्पर्धी भेटला तो तिचाच कालचा माल!

तरीही एक्स्पीची विक्री २००८ च्या जूनअखेर थांबवायची, असे ठरले होते. तेवढ्यात, २००७ संपता संपता, तैवानच्या आसुस कंपनीने वहीएवढा, सात इंची पडद्याचा 'ई पीसी' आणला. त्यात होती लिनक्स. हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली आणि कोणालाही फुकट मिळणारी. त्या चिमुकल्या, स्वस्त यंत्राला व्हिस्टाचे ओझे पेलणारे नव्हते. मग तो बाजार लिनक्सला सोडायचा, की निरोपाचा नारळ दिलेल्या एक्स्पीला थांबवून घ्यायचे? एप्रिल २००८ मध्ये कंपनीने दुसरा मार्ग धरला. अशा स्वस्त यंत्रांसाठी एक्स्पीला २०१० पर्यंत मुदतवाढ मिळाली.

गंमत अशी की, पुढे त्या छोट्या यंत्रांवरही एक्स्पीच जिंकली. लिनक्स हरली, पण हरता हरता तिने राजाला आपला हुकूम फिरवायला लावला. बलाढ्य दुकानदाराला वठणीवर आणायला समोरच्याने जिंकावेच लागते असे नाही. त्याने आपले दुकान उघडे ठेवले तरी पुरते.

ठेवले तर! आमच्या आळीतले ते दुसरे दुकान चार-पाच वर्षांत बंद पडले, आणि पारडे पुन्हा झुकू लागले. वडील चडफडले, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "पण आपण तिथून कधी काय आणलं?" वडिलांजवळ उत्तर नव्हते.

म्हणून यंदा गणपतीच्या सुट्टीत एका विद्यार्थ्याला घरी बोलावले आणि जुन्या संगणकावर लिनक्स बसवून घेतली. देवनागरी छान उमटते. मधूनमधून हात सवयीने जुन्या जागी जातो आणि मी चाचपडतो. "आधीचं काय वाईट होतं?" असे सौभाग्यवतींनी विचारलेच. वाईट काहीच नव्हते. पण हा लेख मात्र मी समोरच्या दुकानातून आणला आहे.