पाळणा हलत नसेल तर



पावसाळ्याच्या सुरुवातीस एका वस्तीवर गेलो होतो. गाय दोनदा उलटली होती. माज केव्हा दिसला, किती तासांनी भरवली, कांडी कुठली, सगळे घरधन्याने चोख सांगितले. निघताना त्याच्या आईने मला गोठ्याआड बोलावले. "साहेब, सुनेला चार वर्षं झाली. डॉक्टर झाले, देव झाले."

"आणि मुलाची तपासणी?"

म्हातारी गप्प. गाय उलटली की आपण कांडीवरही संशय घेतो. घरात मात्र बोट सुनेकडेच!

मी डॉक्टर नव्हे, शेतीचा पदवीधर. पण हा प्रश्न मला बांधावर इतक्यांदा विचारला जातो की लिहिणे भाग आहे. वर्षभर एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत, किंवा बाईची पस्तिशी उलटली असून सहा महिने झाले, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी असते, सुई टोचावी लागत नाही. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा. फवारणीचे काम करत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

डॉक्टर कधी आय.यू.आय. सुचवतात. यात पतीचे वीर्य धुऊन चपळ शुक्रजंतू वेगळे काढतात आणि बारीक नळीने पत्नीच्या गर्भाशयात सोडतात. काही मिनिटांचे काम, बहुधा भूलही लागत नाही. सारी मदार वेळेवर. स्त्रीबीज केव्हा सुटेल हे सोनोग्राफीत पाहतात. त्यासाठी इंजेक्शन दिले तर साधारण दीड दिवसाने हे करतात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, हे जाणणाऱ्यांना वेळेचे मोल मी काय सांगणार?

मात्र बाईची एक तरी गर्भनलिका मोकळी हवी. आपल्याकडे क्षयरोगानेही नलिका बंद होतात. तपासणी न करता आय.यू.आय. करणे म्हणजे बुजलेल्या पाटात मोटार चालू करणे. शुक्रजंतू फारच कमी असतील तरीही याचा उपयोग होत नाही.

आणि एका खेपेत यश शंभरात साधारण दहा-वीस जोडप्यांनाच येते, वयाप्रमाणे त्याहूनही कमी. म्हणून पहिल्या खेपेला दागिने गहाण टाकू नका. तीन-चार खेपा फुकट गेल्या तर पुढे काय, हे आधीच विचारून ठेवा. 2021 च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे, तीही विचारा. दात्याचे वीर्य वापरायचे झाल्यास ते नोंदणीकृत बँकेतूनच, आणि नवराबायको दोघांच्या लेखी संमतीनेच.

त्या म्हातारीचा मुलगा परवा तालुक्याला भेटला. गाय गाभण असल्याचे आधी सांगितले. मग हळूच म्हणाला, "तपासून आलो, साहेब. तंबाखू बंद करायला सांगितलीय. तीन महिन्यांनी परत बोलावलंय." नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने तरी लागतात, हे मी त्याला सांगितले. बायको शेजारीच उभी होती.