जुन्या प्रेमाची थकबाकी

नायक राहतो त्या खोलीचे चित्र एका पानावर आहे आणि त्यातल्या वस्तूंवर त्यांच्या मालकाचे नाव लिहिले आहे. जवळजवळ सगळे खोलीतल्या मित्राचे; नायकाचे म्हणावे असे फार थोडे. दोघांत गादीही एकच. बँकेत तीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासले, पण मालमत्तेचे इतके प्रामाणिक विवरणपत्र माझ्यासमोर क्वचितच आले. मुलीच्या आग्रहाखातर हाती घेतलेले 'स्कॉट पिलग्रिम' मी त्या पानापासून गंभीरपणे वाचू लागलो.

ब्रायन ली ओ'मॅली या कॅनेडियन चित्रकाराची ही चित्रकादंबरी २००४ ते २०१० या काळात सहा खंडांत निघाली. टोरोंटो शहरातला तेवीस वर्षांचा स्कॉट. नोकरी नाही, एका यथातथा बँडमध्ये बास गिटार वाजवतो. पार्सले पोचवणाऱ्या रमोना फ्लॉवर्स या अमेरिकन तरुणीच्या तो प्रेमात पडतो. तिच्याशी नाते जोडायचे तर तिच्या सात माजी जोडीदारांना लढून हरवायचे, ही अट. त्यातला पहिला चक्क मॅथ्यू पटेल! हरलेला शत्रू व्हिडिओ गेममधल्यासारखा नाहीसा होतो आणि मागे नाणी पडतात. पटेलला हरवून मिळालेली नाणी बसच्या तिकिटालाही पुरत नाहीत.

एडगर राईट यांनी २०१० साली यावर चित्रपट काढला. तिकीटबारीवर तो पडला, पण पुढे त्याला निष्ठावान चाहते मिळाले. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आठ भागांची अ‍ॅनिमेशन मालिका आली. पहिला खंड निघाला त्या वर्षी जन्मलेली मुले एव्हाना विशीत पोचली, तरी ही कथा जुनी होत नाही. हे कसे?

सोपे उत्तर असे, की व्हिडिओ गेम खेळत वाढलेल्या पिढीला इथे स्वतःची भाषा सापडली. आपल्या आजीला प्रत्येक प्रसंगी महाभारत आठवे, तसे या पिढीला गेम आठवतात. हे खरे, पण अपुरे आहे. गेम जुने होतात आणि त्यांच्यावरचे विनोद त्याहून लवकर शिळे होतात. टिकते ते दुसरेच काहीतरी.

रमोना भेटते तेव्हा स्कॉटचे नाइव्हज चाऊ या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलीशी आधीच जमलेले असते. नवे जुळले तरी जुनीला सांगायचे तो टाळत राहतो. बँकेत हा प्रकार आम्हाला चांगला ठाऊक होता. जुने कर्ज थकले की नवे मंजूर करायचे आणि त्यातून जुने फिटल्याचे दाखवायचे. कागदावर खाते नियमित, प्रत्यक्षात बुडीत. १९९२ पासून रिझर्व्ह बँकेने अनुत्पादक कर्जांचे नियम लावले, तेव्हा कुठे अशी झाकलेली खाती उघडी पडू लागली. स्कॉटच्या हिशेबाची तपासणी सहाव्या खंडात होते. शाळेतल्या ज्या पराक्रमाच्या आठवणीवर तो फुशारत असतो, तो तसा घडलाच नव्हता, हे त्याची जुनी मैत्रीण किम त्याला ऐकवते. मग समोर उभे राहते त्याचेच काळे प्रतिरूप. त्याला मारून सगळे विसरून जावे, असे स्कॉटला वाटते. पण त्याला हरवून चालणार नसते. 'हा मीच' म्हणून पदरात घ्यावे लागते. सात शत्रू रमोनाचे म्हणून सुरू झालेल्या गोष्टीत खरे येणे स्कॉटकडूनच निघते.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. माझ्या तरुणपणी एक लग्न ठरता ठरता मोडले. पुढे मी त्यावर कादंबरी लिहिली आणि तीत अन्याय माझ्यावर झाला असे दाखवले. वाचकांनी हळहळ व्यक्त केली, मीही ती घेतली. वस्तुस्थिती अशी, की तिच्या दोन पत्रांना मी उत्तर दिले नव्हते. कादंबरीत ती पत्रे नाहीत.

आजच्या मुलांना जुने नाते फोनमधून एका बोटाने पुसता येते. आमच्याकडे लग्नाच्या बायोडेटात गोत्र असते, पगार असतो. मागच्या प्रेमाचा रकानाच नसतो. दोन्हीकडे खाते कोरे दाखवण्याचीच सोय. ही कादंबरी हसवत हसवत सांगते, की माणूस कोरा येत नाही आणि तसा तो येण्याची गरजही नाही. तरुणांना हा दिलासा वाटत असावा. उपदेश केला असता तर त्यांनी ऐकला नसता.

२०२३ च्या मालिकेत तर स्कॉट सुरुवातीलाच गायब होतो आणि रमोना एकेका माजी जोडीदाराला स्वतः जाऊन भेटते. म्हणजे दुसऱ्या बाजूचीही वही उघडली.

खंड परत करताना मुलीने विचारले, "बाबा, आवडले का?" मी हो म्हणालो. त्या दोन पत्रांचे तिला अजून सांगितलेले नाही. आज रविवार आहे. ती हे वाचेलच.