साड्या आधी की खाकरे?

लेकीकडे अमेरिकेला जाताना मी कोल्हापूर–मुंबईचं तिकीट वेगळं काढलं, पुढचं दुसऱ्या कंपनीचं. पुढे 23 किलोच्या दोन बॅगा चालणार होत्या. कोल्हापूरच्या काउंटरवर मात्र फक्त 15 किलो. सगळ्यांसमोर बॅग उघडली, मेतकूट, भाजणी, खाकरे बाहेर. एवढं खाणं कशाला, असं आपल्याला कुणी विचारू नये. कंदमुळाशिवायचं वाटेत मिळेलच असं नाही. पण साड्याही चौदा होत्या! आणि दशलक्षणात उत्तम आकिंचन्यावर मीच बोलते.

माझं मत, थोडे पैसे जास्त पडले तरी सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. मग बहुधा परदेशाच्या विमानाचंच वजन सगळीकडे धरतात. तिकिटं वेगळी असतील तर ज्या विमानाला वजन सर्वांत कमी, त्याच्या हिशोबाने बॅग भरा. आधी खाणं, जागा उरली तर साड्या.