फुकट, मोफत आणि मुक्त

आमच्या महाविद्यालयातील मराठी विभागाच्या बैठकीत मध्यंतरी एक विषय दहा मिनिटांत निकाली निघाला. विभागाकडे जुनी छायाचित्रे बरीच आहेत. स्नेहसंमेलने, पाहुण्या लेखकांची व्याख्याने, भित्तिपत्रकांची प्रकाशने, शिवाय काही हस्तलिखितांच्या पानांच्या प्रतिमा. हे सारे संगणकावर नीट लावून ठेवायचे होते. त्यासाठी सॉफ्टवेअर कोणते वापरावे, असे मी विचारताच एक सहकारी म्हणाले, “अहो सर, फुकट मिळतात की ढिगानं. त्यातलं एक टाका.” त्यावर एका बाईंनी दुरुस्ती सुचवली, “फुकट नका लिहू, मोफत लिहा. इतिवृत्तात बरं दिसतं.” थोडा हशा झाला आणि ‘एखादे मोफत सॉफ्टवेअर वापरावे’ असा ठराव नोंदला गेला.

शब्दांवरच ज्यांचे पोट चालते अशा सात जणांच्या बैठकीत त्या शब्दाचा अर्थ मात्र कोणी विचारला नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या ठरावाला जोडलेली माझी भिन्नमतपत्रिका समजावी.

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने मोठा घोळ घातला आहे. दाम नसलेले तेही फ्री आणि बंधन नसलेले तेही फ्री. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली, आणि तेव्हापासून या चळवळीची बरीच शक्ती आपला ‘फ्री’ दामाचा नसून स्वातंत्र्याचा आहे, हे समजावून सांगण्यातच खर्ची पडली. आज्ञावली कोणत्याही हेतूने चालवता यावी, तिची आतली रचना अभ्यासता व बदलता यावी, तिच्या प्रती इतरांना देता याव्यात आणि सुधारलेली प्रतही वाटता यावी, अशी ही चार स्वातंत्र्ये. मराठीला हा घोळ घालण्याचे काही कारणच नव्हते. आपल्याकडे फुकट आहे, मोफत आहे आणि मुक्त आहे. मुक्तछंद म्हणजे फुकटचा छंद, असा अर्थ पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही. संगणकापुढे बसल्यावर मात्र आपण तिन्ही शब्द एकाच टोपलीत टाकतो आणि वर ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून हात पुसतो.

हा भेद केवळ कोशातला नाही. इरफानव्ह्यू हे चित्रे पाहण्याचे सॉफ्टवेअर १९९६ पासून आहे; ते हलके आहे, चपळ आहे आणि घरगुती व शैक्षणिक वापरासाठी त्याला दाम पडत नाही. एक्सएनव्ह्यू एमपीचेही तसेच. दोन्ही उत्तम आहेत आणि मी ती वापरलेली आहेत. पण ती फुकट आहेत, मुक्त नाहीत. त्यांचा मूळ संकेत त्यांच्या कर्त्यांपाशीच असतो. डिजिकॅम, शॉटवेल, जीथंब ही मुक्त आहेत. त्यांचा मूळ संकेत उघडा आहे आणि उद्या मूळ कर्ते थांबले तरी तो दुसऱ्या कोणाला उचलता येतो. पहिल्या गटात आपण पाहुणे असतो, दुसऱ्यात वहिवाटदार. पाहुणचार कितीही चांगला असला तरी तो यजमानाच्या मर्जीवर चालतो.

‘मर्जीवर चालतो’ हे मी अनुभवाने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाचे एक निवृत्त प्रमुख, वय अठ्ठ्याहत्तर, दर गुरुवारी सकाळी येत असत. मी जुनी छायाचित्रे स्कॅन करून पडद्यावर मोठी करी आणि सर डावीकडून उजवीकडे नावे सांगत. मी ती टंकून घेई. कोण कुठल्या गावचा, कोणाचा पुढे कवितासंग्रह आला, कोण व्याख्यान अर्धवट सोडून शेवटच्या एसटीसाठी पळाला, हेही ते सांगत, आणि तेही मी फोटोओळीत घाली. दोन वर्षे हे चालले. सुमारे नऊशे छायाचित्रांना नावे मिळाली. त्यासाठी मी जे सॉफ्टवेअर वापरत होतो ते फुकट होते, देखणे होते, आणि त्याच्या उपकाराखाली मी इतका दबलो होतो की धर्माच्या गाईचे दात पाहण्याचे धाडस मला झाले नाही.

सर गेले. पुढे वर्षभराने विभागाचा संगणक बदलला. तंत्रज्ञाने सगळी छायाचित्रे नव्या यंत्रावर आणून दिली आणि जुनी तबकडी पुसून टाकली. छायाचित्रे सगळी आली, ओळी एकही आली नाही. त्या ओळी मी छायाचित्रांत लिहिल्या आहेत, अशी माझी समजूत होती. त्या सॉफ्टवेअरने त्या स्वतःच्या एका बंद नोंदवहीत लिहिल्या होत्या आणि ती नोंदवही संगणकाच्या पोटात कुठल्याशा आडबाजूच्या फोल्डरमध्ये होती. तोवर ते सॉफ्टवेअर काढणाऱ्यांनीही आपला गाशा गुंडाळला होता. दोष माझाही आहे, नव्हे, पहिला दोष माझाच. पण तो दोष कसला होता, हे नीट समजून घेतले नाही तर नुसत्या हळहळण्याला अर्थ नाही.

आपण हस्तलिखितांच्या परंपरेतले लोक. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव घालतो, शक घालतो, स्थळ घालतो. त्या पुष्पिकेवर आपल्या पाठचिकित्सेचा केवढा डोलारा उभा आहे, हे विद्यार्थ्यांना आपण दरवर्षी शिकवतो. पुष्पिकेचे बळ कशात आहे? ती पोथीच्या आत आहे, यात. भांडाराची सूची जळाली, भांडार हलले, पोथी बाजारात गेली, तरी पुष्पिका पोथीबरोबर जाते. मी सरांच्या तोंडून नऊशे पुष्पिका उतरवून घेतल्या आणि त्या पोथीत न लिहिता भांडाऱ्याच्या खाजगी वहीत लिहिल्या. पुढे भांडारी वही घेऊन निघून गेला.

डिजिटल छायाचित्राच्या फाइलीत अशी पुष्पिका लिहिण्यासाठी जागा असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. एक्झिफ नावाच्या नोंदीत कॅमेरा स्वतःच दिवस, वेळ, भिंगाची माहिती लिहितो. आयपीटीसी ही वृत्तछायाचित्रांच्या जगातून आलेली व्यवस्था. तिच्यात ओळ, छायाचित्रकार, स्थळ, खुणेचे शब्द यांसाठी रकाने आहेत. तिसरी एक्सएमपी, अडोबी कंपनीने ती २००१ मध्ये आणली आणि २०१२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या तिन्हींत मराठी माणसाने एक्सएमपीचा आग्रह का धरावा, याचे एक साधे गणित आहे. आयपीटीसीच्या जुन्या साच्यात खुणेच्या शब्दाला ६४ बाइटांची मर्यादा आहे. साध्या रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, हलन्त यांपैकी प्रत्येकाला, तीन बाइट लागतात. ‘महाराष्ट्र साहित्य परिषद’ या नावात अशी २२ चिन्हे आणि दोन मोकळ्या जागा आहेत, बेरीज ६८. मर्यादा काटेकोर पाळणारी आज्ञावली हे नाव ‘परि’पाशी तोडील आणि ‘ष’चा चुरा करील. १९०६ साली स्थापन झालेल्या संस्थेचे नाव एका रकान्यात मावत नाही, कारण तो रकाना आखताना देवनागरी कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. एक्सएमपी युनिकोडवर उभी आहे आणि तिच्यात ही अडचण येत नाही. तेव्हा ‘सॉफ्टवेअर कोणते’ हा प्रश्न फक्त संगणकवाल्यांचा आहे, असे मला पुन्हा कोणी सांगू नये. तो आपल्या लिपीचा प्रश्न आहे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले आपलेच प्रबंध आज आपल्याच संगणकावर अगम्य चिन्हांची रांग होऊन उमटतात, हे पाहिलेल्या पिढीला तरी हे वेगळे सांगावे लागू नये.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांनी त्या लिपीची किल्ली मिळवीपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला ते वाङ्मय बंद होते. पण पंथाने ती किल्ली पिढ्यान्‌पिढ्या जपली, म्हणून ग्रंथ टिकले. बंद सॉफ्टवेअरच्या खाजगी नोंदवह्या याही सांकेतिक लिप्याच आहेत. फरक एवढाच की त्यांची किल्ली जपणारा पंथ नसून ताळेबंद पाहणारी कंपनी असते. तिने दुकान बंद केले तर ती काही अपराध करत नाही. आपण तिच्याकडून पंथाच्या निष्ठेची अपेक्षा ठेवतो, ही आपली चूक.

पिकासाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गूगलने २००४ मध्ये ती विकत घेतली आणि फुकट वाटली. ती चांगली होती. जेपेग चित्रांच्या ओळी ती फाइलीतच लिही. अल्बमांची रचना आणि चित्रांवर केलेले फेरफार मात्र ती आपल्या स्वतंत्र दप्तरात ठेवी. २०१६ मध्ये तिचा आधार काढून घेतला गेला. ज्यांनी ओळी लिहिल्या त्यांच्या ओळी वाचल्या. ज्यांनी अल्बम रचले त्यांना ती रचना बाहेर काढण्यासाठी खटपट करावी लागली. तिची जागा घेणारी गूगल फोटोज ही सेवा मे २०१५ मध्ये आली तेव्हा ठरावीक दर्जाची चित्रे अमर्याद आणि विनामूल्य ठेवता येत होती. १ जून २०२१ पासून नवी चित्रे १५ जीबीच्या हिशेबात धरली जाऊ लागली. शिवाय तेथून आपला संग्रह उतरवून घेतला, तर आपण लिहिलेली वर्णने चित्रांशेजारच्या वेगळ्या जेसन फाइलींत मिळतात. म्हणजे पुष्पिका पुन्हा पोथीबाहेर. यात कसली फसवणूक नाही, सारे अटींत लिहिलेले आहे. मोफत हा दर आहे, आणि दर बदलतात. मुक्त हा हक्क आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, मूळ संकेत उघडा असून आम्हाला काय उपयोग, आम्हाला तो थोडाच वाचता येतो? मोडी तरी आपल्यापैकी कितीजणांना वाचता येते? म्हणून मोडी कागद कोणी रद्दीत घालत नाही. प्रत्येकाला वाचता यावे अशी मागणी नाही. ज्याला वाचता येते त्याला मज्जाव नसावा, एवढीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुक्त सॉफ्टवेअरही मरते. खरे आहे. एफ-स्पॉट हे एके काळी उबुंटूबरोबर येणारे मुक्त सॉफ्टवेअर होते. २०१० साली उबुंटूने त्याच्या जागी शॉटवेल घेतले आणि पुढे एफ-स्पॉटचे काम थांबले. पण त्याची नोंदवही उघड्या पद्धतीची असल्यामुळे तिच्यातील खुणा शॉटवेलमध्ये आणण्याची सोय करता आली. मरण दोघांनाही आहे. एकाचे मृत्युपत्र वाचता येते, दुसऱ्याचे येत नाही.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचा आहे आणि तो मुक्तवाल्यांच्या गोटात फारसा ऐकू येत नाही. मुक्त असले म्हणजे आपोआप पुष्पिका पोथीत जाते, असे नाही. शॉटवेलमध्ये खुणा आणि शीर्षके फाइलीत लिहिण्याचा पर्याय आपण होऊन चालू करावा लागतो. डिजिकॅम पहिल्यांदा सुरू करताना विचारते की माहिती फाइलींत लिहायची की नाही. घाईत ‘नाही’ म्हणणारा माझ्याच वाटेने जाईल. शिवाय डिजिकॅम नवख्याला घाबरवते. तिच्या पडद्यावर इतक्या खिडक्या आणि इतकी इंग्रजी परिभाषा आहे की पहिला आठवडा वैतागाचाच जातो. फुकटची देखणी सॉफ्टवेअरे या बाबतीत मुक्तांच्या कितीतरी पुढे आहेत. हे कबूल न करता प्रचार करणे म्हणजे भाबडेपणा.

तरीही माझा कौल डिजिकॅमला आहे. २००१ पासून तिचे काम चालू आहे. ती लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालते. आणि एकदा नीट सांगून ठेवले की ओळी, खुणा, चेहऱ्यांची नावे ती फाइलीत लिहिते. ज्यांना एवढा पसारा नको, त्यांनी लिनक्सवर शॉटवेल घ्यावे. पण माझ्या कौलावर विसंबू नये, स्वतः कसोटी लावावी. दहा छायाचित्रांच्या प्रती घ्याव्यात, त्यांना देवनागरीत लांबलचक ओळी आणि नावे द्यावीत. मग केवळ त्या दहा फाइली दुसऱ्या संगणकावर न्याव्यात आणि दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडाव्यात. ओळी जशाच्या तशा दिसल्या तर पुढची नऊशे चित्रे तिच्या हवाली करावीत. न दिसल्या तर ती कितीही देखणी, कितीही फुकट असो, तिला नमस्कार करावा. दर वर्षाच्या अखेरीस सगळ्या ओळींची एक साधी युनिकोड यादी काढून तिची छापील प्रत विभागाच्या कपाटात ठेवावी. एक्झिफटूल नावाचे मुक्त साधन, थोडे शिकून घेतले तर, ही यादी काढून देते.

एवढे सारे एका ठरावातल्या एका शब्दासाठी कशाला, असे बैठकीनंतर मला विचारले गेले. उत्तरादाखल मी त्यांना एक छायाचित्र दाखवले. महाविद्यालयाच्या पायऱ्या, १९६४, सात विद्यार्थिनी. डावीकडून चौथीबद्दल सर बरेच बोलले होते. ती टोपणनावाने वार्षिकांकात कविता लिहीत असे, ते टोपणनाव त्यांनी सांगितले होते, तिचे खरे नावही सांगितले होते. मी दोन्ही टंकले होते. आज मला दोन्हींपैकी एकही आठवत नाही. वार्षिकांक कपाटात आहे, कविताही त्यात असणार. कोणती ती, हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

पुढच्या बैठकीत ठरावातील ‘मोफत’ हा शब्द वगळून ‘मुक्त’ हा शब्द घालावा, आणि ‘ओळी छायाचित्राच्या फाइलीतच लिहिल्या जातील’ एवढे वाक्य त्याला जोडावे, अशी दुरुस्ती मी लेखी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.