विश्लेषण : गरबा दहाला थांबला, तरी नियम पाळला गेला का? मैदानातील संगीत कार्यक्रमांच्या परवानगीत नेमके काय राहून जाते?

नवरात्र जवळ आली की बोरिवली, घाटकोपर, मुलुंडमधील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रकारचे संदेश एकाच वेळी फिरू लागतात. गरब्याचे पास कुठे मिळतील, हा एक. आवाजाची तक्रार कुठे करायची, हा दुसरा. कित्येकदा दोन्ही एकाच घरातून आलेले असतात. मुलगी मैदानात असते आणि आजोबा खिडकी लावून बसलेले असतात.

या वादाची गाडी दरवर्षी ‘दहा की बारा’ या प्रश्नावर येऊन अडते. पण ध्वनिप्रदूषण नियम नीट वाचले, तर घड्याळ हा त्यातील सर्वात सोपा भाग आहे. आवाज किती, आणि एकाच मैदानाशेजारच्या लोकांनी वर्षात किती रात्री तो सोसायचा, हे खरे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर नियमांत आहे, पण परवानगीच्या कागदावरून मैदानात पोहोचेपर्यंत ते हरवते. दुसऱ्याचा हिशेब शेजाऱ्यांपर्यंत येतच नाही.

परवानगी देते कोण?

एकच कुणी नाही. मैदान महापालिकेचे असेल तर विभाग कार्यालय, म्हणजे बोरिवलीसाठी आर मध्य, मुलुंडसाठी टी, घाटकोपरसाठी एन. मंडपासाठी अग्निशमन दल, रस्त्यासाठी वाहतूक पोलीस, ध्वनिक्षेपकासाठी स्थानिक पोलीस ठाणे. तिकीट लावून प्रयोग असेल तर ‘मेळे व तमाशांसह’ सार्वजनिक करमणुकीचे १९६० चे नियमही लागू होतात. प्रत्येक कार्यालय आपापला तुकडा तपासते. कुंपणापलीकडे तिसऱ्या किंवा बाराव्या मजल्यावर काय ऐकू येईल, हा प्रश्न मात्र यातील कोणाच्याच टेबलावर पूर्णपणे पडत नाही.

प्रशासनाचे आणि न्यायालयाचे लक्ष वेगळ्याच बाजूला जाण्याची उदाहरणे उपनगरातच आहेत. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरी क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. पुढे गाजला तो त्याला दिलेल्या करमणूक कर माफीचा वाद. मुंबई ग्राहक पंचायत उच्च न्यायालयात गेली, आणि अडकलेले सुमारे ३ कोटी ३३ लाख रुपये आयोजकांना परत करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२१ मध्ये घेतला. बोरिवलीच्या प्रमोद महाजन क्रीडा संकुलातील मैदानावर २०२२ मध्ये फाल्गुनी पाठक यांचा नवरात्रोत्सव ठरला, तेव्हाही याचिकेचा मुद्दा होता खेळाच्या मैदानाचा व्यावसायिक वापर. उच्च न्यायालयाने कार्यक्रम रोखला नाही. दोन्ही वाद पैसा आणि जमीन यांभोवती फिरले.

‘७५ डेसिबल’ हा समज कुठून आला?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा.

सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक असेल तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढाच असावा, असे नियम ५ सांगतो. ‘जे कमी असेल’ हे तीन शब्द आपण विसरतो आणि ७५ हा आकडा लक्षात ठेवतो. निवासी भागातील मैदानासाठी दिवसाची मर्यादा होते ५५ अधिक १०, म्हणजे ६५. ७५ नाही. हा फरक किरकोळ वाटतो, पण डेसिबलचे गणित लघुगणकाचे आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ते डोक्यावरून जाते, मात्र इथे त्याचा अर्थ सरळ आहे. १० डेसिबल जास्त म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट आणि कानाला साधारण दुप्पट मोठा आवाज. ‘निम्मे स्पीकर बंद केले’ असे आयोजक सांगतात, त्याने फरक पडतो जेमतेम ३ डेसिबलचा.

मग बारापर्यंतची सूट म्हणजे काय?

वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी, रात्री दहा ते बारा ध्वनिक्षेपकाला परवानगी देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. हे दिवस आधीच जाहीर करावेत, असे नियमच सांगतो. तरीही २०२२ मध्ये ऐन नवरात्रीत एक दिवस वाढला आणि १, ३ व ४ ऑक्टोबर अशा तीन रात्री बारापर्यंत गरबा चालला.

या सुटीमागचे कारण खोटे नाही. दक्षिण मुंबईतील कार्यालयातून सुटून लोकलने बोरिवली किंवा मुलुंड गाठायचे, कपडे बदलायचे आणि मैदानात शिरायचे, तोवर नऊ वाजतात. दहाला बंद म्हणजे या माणसाच्या वाट्याला तासभराचा सण. ज्यांना संध्याकाळी सहापासून मोकळीक आहे, त्यांनी त्याला नियम शिकवणे सोपे आहे.

पण सूट मिळते ती वेळेची, पातळीची नाही. दहा वाजता निवासी भागाची मर्यादा ५५ वरून ४५ वर येते, म्हणजे मैदानाच्या हद्दीवर ६५ ऐवजी ५५. बारापर्यंतच्या रात्रीही दहाच्या ठोक्याला आवाज एक दशांश ऊर्जेवर आणला पाहिजे, असा या आकड्यांचा अर्थ निघतो. प्रत्यक्षात दहानंतर रंग चढतो. परवानगीपत्रावर ‘नियमांचे पालन करावे’ असे एक ओळीचे वाक्य टाकण्याऐवजी ‘दहापर्यंत हद्दीवर ६५, दहानंतर ५५’ असे लिहिले, तर आयोजक, पोलीस शिपाई आणि शेजारी तिघेही एकाच आकड्यावर बोलतील.

काच थरथरते, मीटर गप्प का?

नियमातील डेसिबल हे ‘ए’ मापनाचे आहेत. माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात म्हणून हे मापन ते वजा करते. १२५ हर्ट्झला सुमारे १६ डेसिबल, ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल. डीजेचा ‘धम्म’ याच पट्ट्यात राहतो. भिंती तो थोपवत नाहीत, खिडकीची काच आणि छाती दोन्ही त्याने हलतात, आणि मीटर त्याची फारशी दखल घेत नाही. त्यामुळे पोलीस ‘मर्यादेतच आहे’ म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत असतीलच असे नाही, आणि तक्रारदारही कांगावा करत नसतो. फ्रान्सने २०१७ च्या आदेशात प्रेक्षकांच्या कानांसाठी ‘ए’ बरोबरच खालचे स्वर मोजणाऱ्या ‘सी’ मापनाचीही मर्यादा घातली. आपल्या नियमांत अशी मर्यादा नाही. तोपर्यंत परवानगी देताना दोन बिनखर्चाच्या अटी घालता येतील: स्पीकरची तोंडे इमारतींकडे नसावीत आणि बासचे डबे किती, हे अर्जातच लिहावे.

मैदानाचा हिशेब कोणी ठेवायचा?

१५ दिवसांची यादी दिनदर्शिका पाहून ठरते, मैदान पाहून नाही. नवरात्रीच्या नऊ रात्री दहापर्यंत चाललेला गरबा, त्याआधीचा गणेशोत्सव, मग एखादा फूड फेस्टिव्हल, डिसेंबरातील गाण्यांचा कार्यक्रम, लग्नाच्या वराती. यांतील प्रत्येक परवानगी सुटी सुटी पाहिली तर वावगे काही नाही. कुंपणाला लागून राहणाऱ्याच्या डोक्यावर मात्र सगळ्यांची बेरीज पडते.

ब्रिटनमध्ये १९९५ साली तयार झालेल्या संगीत कार्यक्रमांच्या आचारसंहितेने हा प्रश्न उलट बाजूने सोडवला होता. एखाद्या ठिकाणी वर्षात एक ते तीनच दिवस कार्यक्रम असतील तर शेजाऱ्यांच्या घराजवळ जास्त आवाज चालेल. दिवस तीनच्या पुढे गेले की मर्यादा खाली. आयोजकांना निवड करता येते आणि शेजाऱ्याला अंदाज येतो. इतक्या लांब जायलाही नको. दादरचे शिवाजी पार्क उच्च न्यायालयाने २०१० मध्ये शांतता क्षेत्र ठरवले, आणि तिथे खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांसाठी वर्षातले दिवस मोजून ४५ ठरले. ते रहिवाशांनी न्यायालयात जाऊन मिळवले. बोरिवली किंवा मुलुंडमध्ये कुणालाही विचारून पाहा, शेजारच्या मैदानाचे या वर्षी किती दिवस वापरून झाले, हे सांगता येणार नाही. महापालिकेकडे परवानग्यांचे कागद आहेत. ते मैदानानुसार संकेतस्थळावर टाकायला नवा कायदा लागत नाही.

तक्रार कशी करायची?

कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवासी संघटनांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी निकाल दिला. वाद प्रार्थनास्थळांवरील ध्वनिक्षेपकांचा होता, पण त्यातील एक निर्देश गरब्यापासून वरातीपर्यंत सर्वांच्या शेजाऱ्यांना उपयोगी आहे. पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न मागता, आणि ती दुसऱ्या बाजूला न कळवता कारवाई करावी. ज्या सोसायटीत आयोजक वरच्या मजल्यावर राहतो, तिथे याची किंमत कळते. न्यायालयाने कारवाईच्या पायऱ्याही सांगितल्या: आधी समज, मग दंड, त्यानंतर ध्वनिक्षेपक जप्त करणे आणि परवाना रद्द करणे.

फोन ११२ वर करावा. फोनमधील डेसिबल अ‍ॅपचा आकडा अंदाजापुरता धरा, कारण मोबाइलचा माइक बोलणे टिपण्यासाठी बनवलेला असतो, मापनासाठी नव्हे. त्यापेक्षा वेळ, ठिकाण आणि मैदानाची कोणती बाजू हे नोंदवा. दहानंतरच्या आवाजाबद्दल तक्रार असेल तर मोजमापाची गरजच नाही, कारण सुटीच्या रात्री सोडल्या तर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालू असणे हेच उल्लंघन आहे. आणि सुटीची रात्र असेल तर पोलिसांना एकच विचारा: हद्दीवर आता किती आहे, आणि दहा वाजता किती होता?